कॉस्टिक सोडा, चुना आणि त्यांची भावंडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे घालवली, घरी साबण करायचा नाद लागला आणि नातेवाईक द्राक्षबागायतदार. त्यामुळे तीव्र आम्लारींबद्दल मला तीन दिशांनी प्रश्न येतात: बारावीची मुले, साबण करणाऱ्या ताई आणि फवारणीच्या दिवसांत शेतकरी. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्लारी, अल्क, क्षार, बेस... सर, नक्की कशाला काय म्हणायचं?

आपल्या पाठ्यपुस्तकात बेस म्हणजे आम्लारी. त्यातले जे पाण्यात विरघळतात ते अल्क. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे तयार होते तो क्षार, म्हणजे सॉल्ट. घोटाळा इथेच होतो, कारण हिंदीत अल्कलीलाच क्षार म्हणतात. हिंदी व्हिडिओ पाहून मराठीत पेपर लिहिणारी मुले ‘क्षार लिटमस निळा करतो’ असे लिहून मार्क घालवतात. त्यांना तरी किती दोष द्यावा? आपल्या घरातला पापडखार नावाने ‘खार’ असला तरी गुणाने अल्कधर्मीच आहे. या पानावर मात्र क्षार म्हणजे सॉल्टच. आणि पाठ्यपुस्तकात ज्याला सामू म्हटले आहे (द्रावण किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, साधारण ७ म्हणजे उदासीन, त्याहून वर अल्कधर्मी) त्याला मी पीएच म्हणेन, कारण सगळे तेच म्हणतात.

२. तीव्र आणि संहत एकच ना?

नाही. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

पदार्थाचा जेवढा भाग पाण्यात विरघळला, त्यातला किती भाग आयनांत, म्हणजे विद्युतभारित कणांत, सुटा झाला, यावरून तो तीव्र की सौम्य ते ठरते. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, विरघळला की सगळाच्या सगळा सोडियम आयन आणि हायड्रॉक्साइड आयन असा सुटतो. अमोनियाचे तसे नाही. लिटरमध्ये ०.१ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचे ठरीव माप) अमोनिया असेल तर शंभर रेणूंपैकी जेमतेम १.३ रेणू हायड्रॉक्साइड आयन देतात, बाकीचे तसेच राहतात. म्हणून तेवढ्याच तीव्र नव्हे, तेवढ्याच संहत (पाहा, मीही चुकत होतो) कॉस्टिकचा पीएच १३ येतो आणि अमोनियाचा ११.१ च्या आसपास.

संहत किंवा विरल हे मात्र पाणी किती घातले त्यावर अवलंबून. बादलीभर पाण्यात चिमूटभर कॉस्टिक टाकला तर ते द्रावण विरल, पण आम्लारी तीव्रच. उलट अमोनियाची संहत बाटली उघडली तर नाकाला झिणझिण्या येतात आणि डोळ्यांना धार लागते, तरी अमोनिया सौम्यच. दुकानदार ‘एकदम स्ट्राँग माल आहे’ म्हणतो तेव्हा त्याला संहत म्हणायचे असते.

३. तीव्र आम्लारी कोणकोणते? यादी पाठ करावी का?

करा, आठच आहेत. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम आणि सीझियम यांची हायड्रॉक्साइडे, आणि कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांची. आवर्तसारणीत पहिल्या गणातली पाच आणि दुसऱ्या गणातली तीन.

४. चुना पाण्यात धड विरघळत नाही. मग तो तीव्र आम्लारी कसा?

विरघळणे वेगळे आणि सुटे होणे वेगळे. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड एक किलोहून जास्त मावते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड फक्त १.७ ग्रॅम. पण ते १.७ ग्रॅम पूर्ण आयनांत सुटतात. म्हणून चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ च्या जवळ असतो. गरिबाघरचा, पण तीव्रच.

चुन्याची आणखी एक खोड आहे. मीठ, साखर, तुरटी गरम पाण्यात जास्त विरघळतात, चुना कमी विरघळतो. उकळत्या पाण्यात त्याची विद्राव्यता निम्म्याहूनही खाली येते. स्वच्छ निवळी परीक्षानळीत घेऊन तापवा, ती गढूळ होते. मुले लगेच लिहितात, ‘कार्बन डायऑक्साइडमुळे’. फुंकर मारून दुधाळ झालेली निवळी आणि तापवून गढूळ झालेली निवळी दिसायला सारख्या, कारणे वेगळी. दुसरी थंड करून हलवत राहिले की पुन्हा निवळते, पहिली निवळत नाही.

यावरून एक गंमत. काही सराव-संचांत ‘०.०५ मोलर (म्हणजे लिटरमध्ये ०.०५ मोल) कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच काढा’ असे गणित असते. खोलीच्या तापमानाला लिटरमध्ये जेमतेम ०.०२३ मोल विरघळतो, म्हणजे असे द्रावण होतच नाही. उत्तर मात्र लिहा, वाद घालायला परीक्षा ही जागा नव्हे.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला काही पुस्तके तीव्र म्हणतात, काही सौम्य. ते इतके कमी विरघळते की त्याच्या दुधाळ औषधाचा पीएच साडेदहाच्या आसपासच थांबतो, म्हणून अॅसिडिटीवर ते पोटात घेता येते. कॉस्टिकचे तसे करून चालेल का, हे सांगायला नको.

५. तीव्र आम्लारीचा पीएच कसा काढायचा?

सगळे आयन सुटतात, त्यामुळे गणित सरळ आहे. लिटरमध्ये ४ ग्रॅम कॉस्टिक म्हणजे ०.१ मोल. हायड्रॉक्साइड आयनही ०.१ मोल, म्हणजे पीओएच (हायड्रॉक्साइडसाठी पीएचसारखाच आकडा) १. २५ अंशांना दोन्हींची बेरीज १४, म्हणून पीएच १३. दहापट पाणी घातले की १२.

बेरियम किंवा कॅल्शियम असेल तर प्रत्येक सूत्रामागे दोन हायड्रॉक्साइड मिळतात, हे विसरू नका. ०.००५ मोलर बेरियम हायड्रॉक्साइडचा पीएच १२ येतो. फारच विरल किंवा फारच संहत द्रावण असेल तर ही रीत फसते, त्यासाठी प्रश्न १६ आणि १७.

६. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की भांडं इतकं का तापतं? मी हात लावला आणि चटकाच बसला.

स्फटिकातले सोडियम आणि हायड्रॉक्साइड आयन एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा लागते. पण सुटे झालेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू कडे करून उभे राहतात, तेव्हा त्याहून बरीच जास्त ऊर्जा बाहेर पडते. हिशेब केला तर एका मोलमागे, म्हणजे ४० ग्रॅममागे, सुमारे ४४ किलोज्यूल उरतात. तेवढे ४० ग्रॅम लिटरभर पाण्यात टाकले तर तापमान दहाएक अंश वाढते, फारसे काही वाटत नाही. साबणवाले मात्र १०० ग्रॅम कॉस्टिक २०० ग्रॅम पाण्यात विरघळवतात. तिथे अडीच मोलची उष्णता पावशेरभर पाण्याला मिळते आणि थर्मामीटर सहज ८० अंशांच्या वर जातो.

पाहायचे झाले तर असे होते: पांढरे फ्लेक्स आधी तळाशी बसतात, पाणी दुधाळ होते, मिनिटभरात वाफ निघू लागते आणि ती वाफ घशात खवखवते. ती नुसती वाफ नसते, तिच्यात कॉस्टिकचे अतिबारीक थेंब असतात. म्हणून खिडकीपाशी उभे राहा, भांड्यावर वाकून बघू नका, गॉगल आणि रबरी हातमोजे घाला.

क्रम पक्का ठेवा: आधी थंड पाणी, मग त्यात थोडाथोडा सोडा, ढवळत ढवळत. उलट केले तर फ्लेक्सचा वर कडक थर धरतो, आत पाणी कोंडून उकळते आणि पिचकारी तोंडावर येते. भांडे स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. काचेचा साधा ग्लास तडकतो. अॅल्युमिनियमचे का नको, ते प्रश्न ९ मध्ये.

७. कळीचा चुना विरतानाही असाच उकळतो. ते पण हेच का?

नाही. कॉस्टिक नुसता विरघळतो, कळीचा चुना पाण्याशी अभिक्रिया करतो. कॅल्शियम ऑक्साइडचे ५६ ग्रॅम १८ ग्रॅम पाणी पिऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतात. पाणी ओतल्यावर खडा क्षणभर गप्प राहतो, मग चिरतो, फुगतो, आणि सुसू करत भुकटी होऊन कोसळतो. पाणी उकळायला लागते ते या अभिक्रियेच्या उष्णतेने.

जुने गवंडी विरलेला चुना खड्ड्यात मुरवत आणि मग वाळूबरोबर घाण्यात मळत. आपल्या अनेक गडांवर दगडी चाक फिरवायचा तो गोल चर अजून दिसतो. भिंतीत गेलेला हा तीव्र आम्लारी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडक होतो. म्हणजे दगड भट्टीत भाजायचा, पाण्यात विरवायचा आणि भिंतीत पुन्हा त्याचा दगड होऊ द्यायचा. घराला दिलेली सफेदी वाळल्यावर हाताला कमी लागते, तेही याच कारणाने.

८. कॉस्टिकची बरणी उघडी राहिली आणि आत पाणी सुटलं. आता वापरू का?

सिंक धुवायला वापरा, मोजमापाच्या कामाला नको. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली वाफ इतकी ओढते की स्वतःच त्यात विरघळते. सोबत कार्बन डायऑक्साइडही घेते आणि सोडियम कार्बोनेट होते. बरणीच्या तोंडाशी जमणारी पांढरी खपली तीच. म्हणजे तुम्ही वजन केलेल्या १०० ग्रॅममध्ये खरा कॉस्टिक किती, हे तराजू सांगणार नाही.

प्रयोगशाळेतही याच कारणाने कॉस्टिक वजन करून प्रमाण द्रावण करत नाहीत. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक तोलतात (०.१ नॉर्मलसाठी लिटरला ६.३ ग्रॅम) आणि त्याच्यावर कॉस्टिकचे द्रावण तपासून घेतात.

द्रावण काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका. अल्क काचेतल्या सिलिकाला हळूहळू खातो आणि बूच तोंडात चिकटते. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मला अशा चार बाटल्या आणि कॉस्टिक तसेच ठेवलेली दोन ब्युरेट (खाली तोटी असलेल्या मापनळ्या) मिळाली होती. ब्युरेटचे काचेचे तोटे फिरवताना एक माझ्याच हातात तुटला. तेव्हापासून तास संपला की ब्युरेट दोनदा पाण्याने धुतल्याशिवाय मी कुणाला बाहेर सोडले नाही.

९. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात का चालत नाही?

कारण पातेले राहत नाही. बहुतेक धातूंवर आम्ल चालून जाते, अल्क नाही. अॅल्युमिनियम आणि जस्त यांचे मात्र दोघांशीही जमते. अॅल्युमिनियमला एरवी वाचवणारा ऑक्साइडचा पातळ थर कॉस्टिक विरघळवून टाकतो आणि मग उघड्या धातूपासून सोडियम अॅल्युमिनेट आणि हायड्रोजन वायू तयार होतात. २७ ग्रॅम अॅल्युमिनियममधून खोलीच्या तापमानाला सुमारे ३६ लिटर हायड्रोजन निघतो.

माझा पहिला साबण असाच बिघडला. घरातला जुना डबा स्टीलचा समजून घेतला. दोन मिनिटांत फेस आला, द्रावण करडे झाले आणि डब्याच्या तळाला बोटाने दाबले तर तो खाली लवला.

नळी मोकळी करायच्या काही पुडींत कॉस्टिकबरोबर अॅल्युमिनियमचे चकचकीत तुकडे मुद्दामच घातलेले असतात. उष्णतेने चिकट तेलकट गाळ सुटतो, वायूच्या बुडबुड्यांनी ढवळला जातो. त्या वेळी जवळ काडी पेटवू नका, आणि मोरीच्या तोंडावर वाकून ‘झालं का’ बघू नका.

१०. आम्लात आम्लारी घातला की नक्की काय होतं?

आम्लाचा हायड्रोजन आयन आणि आम्लारीचा हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होते. लग्न या दोघांचेच. सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, नायट्रेट हे सगळे वऱ्हाडी, आधी जसे पाण्यात होते तसेच नंतरही.

याचा पुरावा उष्णतेत मिळतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, विरल द्रावणात एक मोल पाणी तयार होताना दर वेळी सुमारे ५७ किलोज्यूलच बाहेर पडतात. नावे बदलली तरी आकडा बदलत नाही, कारण अभिक्रिया तीच. थर्मासमध्ये दोन्हींचे १ मोलर द्रावण शंभर-शंभर मिलिलिटर मिसळा, पारा साडेसहा-सात अंश चढतो.

आम्ल सौम्य असेल तर आकडा थोडा कमी येतो. अॅसिटिक आम्लाचे रेणू आधी सुटे करायला थोडी ऊर्जा खर्च होते, असे आपण शिकवतो. पण हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असूनही आकडा वाढतो, सुमारे ६८ किलोज्यूल. कारण फ्लोराइड आयन इवलासा, आणि पाण्याचे रेणू त्याला इतके घट्ट धरतात की त्यातूनच जास्तीची उष्णता मिळते. ‘सौम्य म्हणजे नेहमी कमी’ असा नियम लिहिलात तर इथे अडकाल.

११. मग उरलेलं मीठ खाता येईल का?

कागदावर ४० ग्रॅम कॉस्टिक आणि ३६.५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइडमधून ५८.५ ग्रॅम मीठ आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. पण प्रयोगशाळेतले काहीही तोंडात घालायचे नाही. दरवर्षी एक तरी मुलगा बोट बुडवतो.

१२. टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग येतो आणि हलवला की जातो. शेवट कुठला धरायचा?

टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून मोजून आम्लारी सोडत आम्ल नेमके संपवणे, आणि ते संपले हे रंग बदलून दाखवतो तो दर्शक, इथे फिनॉल्फथॅलीन. थेंब पडला तिथे क्षणभर आम्लारी जास्त होतो, म्हणून दर्शक गुलाबी दिसतो. हलवल्यावर तो आम्लारी आम्लात मिसळून संपतो. रंग जायला जितका जास्त वेळ लागू लागेल तितके तुम्ही जवळ आलात. मग धार बंद, थेंब थेंब. फिकट, अगदी पातळ गुलाबी रंग हलवूनही अर्धा मिनिट टिकला की तोच शेवट. गडद गुलाबी आला म्हणजे पुढे गेलात.

घाई का नको ते आकड्यांत पाहा. २५ मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तेवढ्याच संहतेचा कॉस्टिक सोडताय. २४.९ मिलिलिटरला पीएच ३.७ असतो आणि २५.१ ला १०.३. मधले अंतर फक्त ०.२ मिलिलिटर, म्हणजे चारेक थेंब. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या गाठीत पीएच शेवटी अशी उडी मारतो, म्हणून इथे मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शकही चालतो आणि फिनॉल्फथॅलीनही.

पाच-दहा मिनिटांनी चंचुपात्रातला रंग उडाला म्हणून पुन्हा थेंब टाकत बसू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो उडतो.

आणि एक विचित्र गोष्ट: फारच संहत कॉस्टिकमध्ये फिनॉल्फथॅलीन टाकले तर आधी गुलाबी होते आणि मग हळूहळू रंगहीन. द्रावण आम्लधर्मी झालेले नसते. अल्क इतका जास्त असतो की दर्शकाच्या रेणूची रचनाच पुन्हा बदलते. पाणी घालून विरल केले की रंग परत येतो.

१३. उदासिनीकरण झालं म्हणजे पीएच ७ च ना?

दोघेही तीव्र असतील तर, २५ अंशांना, हो. नाहीतर नाही. ०.१ मोलर अॅसिटिक आम्ल तेवढ्याच कॉस्टिकने पूर्ण संपवले तर पीएच ८.७ येतो. उरलेला अॅसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मोकळे होतात. इथे मिथिल ऑरेंज वापरले तर शेवटाच्या बऱ्याच आधी रंग बदलून मोकळे.

हाच प्रकार धुण्याच्या सोड्याचा (सोडियम कार्बोनेटचा). तो क्षार आहे, पण तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा, म्हणून अल्कधर्मी. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास आहे तो अशाच कार्बोनेटांमुळे. तिथे कुणी कॉस्टिक ओतलेला नाही. पीएच जास्त म्हणजे तीव्र आम्लारीच असणार, असे नसते.

१४. हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो?

हळदीतले कर्क्युमिन हा दर्शकच आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे, अल्कधर्मी द्रावणात तांबडे. साबण अल्कधर्मी असतो. कपडा चांगला खळबळला की डाग पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात वाळवला की बराचसा जातो. हळदीपासून कुंकू करताना चुना किंवा टाकणखार लागायचा तो याचसाठी. निवळीचा थेंब हळद लावलेल्या कागदावर टाकून पाहा, लिटमस विकत आणायची गरज नाही.

१५. बोर्डो मिश्रणात चुना किती घालायचा? दर वेळी अंदाज चुकतो.

हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पानावर कसा, असे वाटेल. पण बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे बुरशीनाशक. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते आणि ते तसेच फवारले तर पाने करपतात. चुन्यातले हायड्रॉक्साइड ते आम्ल मारतात आणि तांब्याला निळ्या कॉपर हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली आणतात. तो बारीक निळा साका पानाला चिकटतो आणि हळूहळू काम करतो. फ्रान्सच्या बोर्डो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले, तेही द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी.

एक टक्क्याला नेहमीचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून, आणि मग दोन्ही सावकाश एकत्र ढवळत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे नको, तांबे त्याच्यावरच बसते.

अंदाज चुकतो तो चुन्यामुळे. गोणी दोन पावसाळे पडून असेल तर त्यातल्या बऱ्याच चुन्याचा चुनखडक झालेला असतो (प्रश्न ७) आणि एक किलो पुरत नाही. म्हणून वजनावर विसंबू नका, चाचणी घ्या. घासून लखलखीत केलेला विळा किंवा चाकू मिश्रणात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी निवळी घाला. पाते जसेच्या तसे बाहेर आले की फवारा. निळा लिटमस असेल तर तो लाल होता कामा नये. मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवसापर्यंत साका जाडा होतो आणि नोझल तुंबते.

अमोनियम सल्फेटसारख्या खतात मात्र चुना मिसळू नका. तीव्र आम्लारी सौम्य आम्लारीला त्याच्या क्षारातून हाकलून लावतो, आणि तुमचे नत्र अमोनिया होऊन नाकात जाते.

१६. १० चा उणे ८ वा घात एवढ्या मोलर कॉस्टिकचा पीएच ६ कसा येतो? आम्लारी आहे ना?

येत नाही. तुम्ही पाण्याला विसरलात. शुद्ध पाण्यातच १० चा उणे ७ वा घात एवढे हायड्रॉक्साइड आयन असतात, कॉस्टिकने दिले त्याच्या दहापट. दोन्ही धरून समतोलाचे समीकरण सोडवा, पीएच ७.०२ येतो. कॉस्टिकला कितीही पाणी घाला, ते द्रावण आम्ल होणार नाही.

१७. पीएच १४ च्या वर जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. १० मोलर कॉस्टिकचा हिशेब १५ येतो. पण इतक्या गर्दीत आयन सुटे-सुटे वागत नाहीत, त्यामुळे तो आकडा शब्दशः धरू नका. मीटरवरही विसंबू नका: फार अल्कधर्मी द्रावणात काचेचा इलेक्ट्रोड सोडियम आयनालाच हायड्रोजन आयन समजतो आणि पीएच कमी दाखवतो.

१४ हा आकडाही २५ अंशांपुरता आहे. ६० अंशांना बेरीज १३ च्या जवळ येते आणि उदासीन पाण्याचा पीएच साडेसहा असतो. ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते.

१८. सोडामाइड, सोडियम हायड्राइड हे कॉस्टिकहून तीव्र म्हणतात. मग पाण्यात त्यांचा पीएच जास्त का येत नाही?

पाण्यात टिकतील तर ना! हायड्रॉक्साइडहून तीव्र असलेला कुठलाही आम्लारी पाण्यात पडताक्षणी पाण्याच्याच रेणूतून हायड्रोजन आयन हिसकावतो आणि मागे हायड्रॉक्साइड ठेवतो. सोडामाइडचा अमोनिया होतो, हायड्राइडचा हायड्रोजन वायू, सोडियम ऑक्साइडचा थेट कॉस्टिक. पाण्यात सगळ्यांची उंची एकच. कोण खरा उंच ते पाहायचे तर द्रव अमोनियासारखे दुसरे द्रावक लागते. हायड्राइड पाण्यात टाकून बघायचा मोह होत असेल तर आवरा, हायड्रोजन तिथल्या तिथे पेट घेतो.

१९. हातावर किंवा डोळ्यात गेलं तर लिंबू लावायचं ना? आम्लाने मारता येईल.

लावू नका. एक म्हणजे प्रश्न १० मधली उष्णता तुमच्या कातडीवर निघेल. दुसरे म्हणजे लिंबू शोधण्यात जाणारा वेळच महाग पडतो. कोरडे फ्लेक्स असतील तर आधी झटकून टाका, मग वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटे धरा, बुळबुळीतपणा गेला नसेल तर आणखी. तो बुळबुळीतपणा म्हणजे तुमच्याच कातडीतल्या चरबीचा साबण.

आम्लाने भाजले की प्रथिने गोठतात आणि आम्लाला पुढे जायला अडथळा होतो. अल्क चरबीचा साबण करतो, प्रथिने विरघळवतो आणि आत आत जात राहतो. सुरुवातीला दुखतेही कमी, म्हणून माणूस गाफील राहतो. ओल्या सिमेंटमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या पायांना संध्याकाळी जखमा दिसतात त्या याच प्रकारच्या.

डोळ्याबद्दल थट्टा नको. पानाच्या किंवा तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुले दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना हे प्रकरण चांगले माहीत आहे, दृष्टी जाते इतके ते गंभीर असते. पापण्या उघड्या धरून लगेच पाणी सोडत राहा, चुन्याचा कण पापणीखाली अडकलेला असू शकतो, आणि धुणे झाले की तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, वर येताना ते दुसऱ्यांदा भाजते. सरळ दवाखाना गाठा.

फरशीवर सांडले असेल तर गोष्ट वेगळी: हातमोजे घालून पुसा, भरपूर पाणी टाका, शेवटी पातळ व्हिनेगर फिरवले तरी चालेल. तिथे टॉयलेट क्लीनर मात्र ओतू नका. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, संहत कॉस्टिकवर पडले की उसळते. आणि फरशीवर आधी ब्लीच टाकले असेल तर त्याच आम्लाने क्लोरीन निघतो.